एकच सॅम्पल असेल तर? जुन्या पत्र्याच्या खेळण्यांची साफसफाई आणि बारावीचं सॉल्ट ॲनालिसिस

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सॅम्पल सांडलं की आपण बाटलीतून आणखी थोडं काढतो. टायट्रेशन बिघडलं तर दुसरं रीडिंग घेतो, तीन रीडिंग जुळली की जर्नलवर सही. ही सवय इतकी अंगात मुरते, की प्रयोग पुन्हा करता येणं हा आपला हक्कच आहे असं वाटायला लागतं. पीएच.डी.ला आल्यावर मात्र अनेकांच्या हातात असं काही येतं जे एकदाच मिळतं. कुणाकडे बायोप्सीचा तुकडा, कुणाकडे उल्केची चकती, कुणाकडे उत्खननात सापडलेला मणी. तिथे 'करून बघू, नाहीतर परत करू' चालत नाही.

अशा कामाची सवय घरच्या घरी कशावर करता येईल, असं कुणी मला विचारलं तर मी सांगते: बॅटरीवर चालणारं एखादं जुनं पत्र्याचं खेळणं घ्या आणि ते साफ करायचं ठरवा. लगेच साफ करू नका, नुसतं ठरवा. मग बघा किती प्रश्न उभे राहतात.

ही खेळणी मुख्यतः जपानची. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथे कच्चा माल जवळपास नव्हताच. त्या काळातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोसुगे यांनी ओत्सु गावात बनवलेली छोटी जीप. अमेरिकन सैन्याने फेकलेले खाद्यपदार्थांचे डबे कापून, सरळ करून ती बनवली होती आणि १९४५ च्या डिसेंबरात क्योतोच्या दुकानात ती दहा येनला विकली गेली. पुढे निर्यात सुरू झाली, आणि १९४७ ते १९५२ या काळातल्या बऱ्याच मालावर 'मेड इन ऑक्युपाईड जपान' असा शिक्का आला. ताबा संपला तसा शिक्काही गेला. म्हणजे खेळण्याच्या तळावरची दोन-तीन मिलिमीटर उंचीची ती अक्षरं म्हणजे कालनिर्णयाचा पुरावा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

किल्लीची खेळणी आधीपासून होती. १९५० च्या दशकात स्वस्त, छोट्या मोटरी मिळायला लागल्या आणि बॅटरीच्या खेळण्यांचा सुकाळ झाला. मासुदाया, नोमुरा, योनेझावा, होरिकावा, आल्प्स अशा कंपन्या. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकन. मासुदायाने १९५५ मध्ये रेडिओवर चालणारी बस काढली. रोबो, अंतराळयानं, ढोल वाजवणारी अस्वलं, बुडबुडे सोडणारे हत्ती. काही गाड्यांवर 'मिस्टरी ॲक्शन' लिहिलेलं असायचं. गाडी भिंतीला धडकली की आपोआप वळून दुसरीकडे जायची. आत कसलाही सेन्सर नाही. गाडीच्या पोटाखाली मोटरने फिरणारी एक छोटी चाकाची जोडी असते आणि ती जोडी स्वतःभोवतीही मोकळी फिरू शकते. पुढचा रस्ता अडला की ती जागच्या जागी वळते आणि गाडीचं तोंड फिरवते. मला हे यंत्र अजूनही फार आवडतं. १९६० चं दशक संपता संपता प्लास्टिकने पत्र्याची जागा घेतली आणि हा सगळा प्रकार आटोपला. योकोहामात तेरुहिसा कितहारा यांनी १९८६ मध्ये पत्र्याच्या खेळण्यांचं संग्रहालयच काढलं आहे.

आता वस्तूकडे या. 'पत्रा' म्हणजे काय? पोलादाची पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची शीट आणि दोन्ही बाजूंना कथलाचा एक-दोन मायक्रॉनचा थर. कथील म्हटलं की आपल्याकडे कल्हई आठवते. तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवायचं. इथे तेच कथील पोलादावर आहे. त्या कथलावर रंगीत छपाई आणि छपाईवर वार्निशचा पातळ हात. छपाईचे थर काही मायक्रॉनचे. तुमच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन असते, म्हणजे ज्या चित्रासाठी संग्राहक जीव टाकतात ते चित्र केसाच्या जाडीच्या एखाद्या कोपऱ्यात मावतं.

आणखी एक गोष्ट. छपाई सपाट शीटवर आधी होते. कापणं, दाबून आकार देणं नंतर. त्यामुळे जिथे जिथे पत्रा कापला गेला तिथे तिथे कड उघडी राहते. तिथे ना कथील, ना शाई, ना वार्निश. दोन भाग जोडायला पत्र्याच्या जिभा खाचेत घालून मुरडलेल्या असतात, त्या घडीवरही थर तडकलेला असतो. गंज कुठून सुरू होतो हे सांगायला आता ज्योतिषी नको.

उघडी कड इतकी धोक्याची का, हे इलेक्ट्रोकेमिस्ट्री सांगते. लोखंडाचं प्रमाण पोटेन्शियल उणे ०.४४ व्होल्ट, जस्ताचं उणे ०.७६, कथलाचं उणे ०.१४. जस्ताचा मुलामा ओरखडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. कथलाचं उलटं. ओल्या हवेत कथील शाबूत राहतं आणि ओरखड्याखालचं लोखंड आणखी वेगाने जातं. म्हणजे कथलाचा थर अखंड आहे तोवरच राखणदार; एकदा छिद्र पडलं की तो चोराला मिळालेला. (खाद्यपदार्थांच्या बंद डब्यात ऑक्सिजन नसताना आणि फळांतली आम्लं कथलाला पकडून ठेवत असताना हे नातं उलटतं. पोटेन्शियलचा तक्ता पाठ असला तरी परिस्थिती विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, ते यासाठी. व्हायवात हमखास विचारतात.)

यावरून साफसफाईचा एक नियम लगेच निघतो. घासणारं काहीही लावायचं नाही. टूथपेस्ट, गाडीचं पॉलिश, पितळेची भांडी उजळायची पावडर, रांगोळी, राख, यातल्या प्रत्येकाने पत्रा चकाकतो, कारण वार्निश जातं, मग शाई जाते आणि शेवटी कथील. चिंच-लिंबू तर नकोच.

सेल कोणता होता?

बॅटरीच्या खेळण्याचा खरा शत्रू धूळ नाही, आत विसरलेला सेल आहे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात मजेदार भाग हाच.

यूट्यूबवर किंवा कुणाही हौशी माणसाला विचारा, 'सेल फुटलाय, काय करू?' उत्तर ठरलेलं: 'व्हिनेगर लाव, पांढरं निघून जातं.' निघतं खरं. पण हा सल्ला अल्कलाईन सेलसाठी आहे. त्या सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साईड असतं. ते बाहेर आलं की हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पोटॅशियम कार्बोनेट होतं. पदार्थ अल्कधर्मी, म्हणून सौम्य आम्लाने त्याला शांत करणं बरोबर.

१९५० च्या दशकातल्या खेळण्यात मुळात घातले जायचे ते जस्त-कार्बनचे सेल. जपानी खेळण्यांच्या तळावर 'यूएम-१' किंवा 'यूएम-३' असं छापलेलं दिसतं, ते सेलचं माप; यूएम-१ म्हणजे आपला टॉर्चचा मोठा सेल. या सेलची बाहेरची जस्ताची डबी हीच ऋण टोक असते. सेल वापरला जातो तसतशी डबी स्वतःच झिजते आणि शेवटी तिला भोकं पडतात. आतून जे झिरपतं त्यात झिंक क्लोराईड आणि अमोनियम क्लोराईड असतं. अमोनियम क्लोराईड म्हणजेच नवसागर! कल्हईवाल्याकडे तापल्या भांड्यावरचा ऑक्साईड खरवडून काढतो तो हाच. तिथे त्याचं काम पाच मिनिटांत संपतं आणि भांडं उजळतं. इथे तो सेलच्या खणात चाळीस वर्षं बसून तेच काम करत राहतो. हे मिश्रण आधीच आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर ओतलं तर आम्लावर आम्ल. पांढरा थर विरघळतो, बघणाऱ्याला वाटतं साफ झालं. पण क्लोराईड पत्र्याच्या घडीत तसंच राहतं, ॲसिटिक ॲसिडही तिथेच मुरतं आणि वर्षभराने त्याच जागी गंज येतो.

मग खेळणं १९६२ चं आहे म्हणून सेल जस्त-कार्बनचा, असं धरून चालायचं का? नाही. खेळणं १९६२ चं असेल, पण कुणी १९९० मध्ये अल्कलाईन सेल घालून बघितलेलं असू शकतं. वस्तूचं वय आणि डागाचं वय वेगळं असतं. त्यामुळे अंदाज बाजूला ठेवून तपासायचं.

आता गंमत अशी, की बहुतेक जण तपासतात ते व्हिनेगरचा थेंब टाकून. बुडबुडे आले म्हणजे कार्बोनेट, कार्बोनेट म्हणजे अल्कलाईन सेल. पहिली पायरी बरोबर, दुसरी चूक. जस्ताची डबी फुटल्यावर जस्ताच्या क्षारांचंही काही प्रमाणात हवेत बेसिक झिंक कार्बोनेट होतं, आणि तेही फसफसतं. एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं निघत असतील तर त्या निरीक्षणाने काहीच ठरत नाही. दोन्हींमध्ये फरक करणारी चाचणी हवी.

ती तुम्ही बारावीत केलेली आहे. सॉल्ट ॲनालिसिस! पाठ करून परीक्षेनंतर विसरून गेलो ते. लाकडी काडीने पांढऱ्या थराचा मोहरीएवढा कण खरवडून वॉचग्लासमध्ये घ्यायचा. चाचणी कणावर, खेळण्यावर नाही. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब आणि पीएच पेपर: १० च्या वर गेलं तर अल्कलाईनकडे बोट, ५-६ च्या आसपास असेल तर जस्त-कार्बनकडे. दुसऱ्या कणावर सोडियम हायड्रॉक्साईड टाकून किंचित गरम करायचं. अमोनियाचा वास आला, ओला लाल लिटमस निळा झाला, तर नवसागर आहे. तिसरा कण ज्वालेत: कोबाल्टच्या निळ्या काचेतून जांभळट छटा दिसली तर पोटॅशियम. एक पळवाट ध्यानात ठेवा. नंतरच्या काळातल्या 'हेवी ड्यूटी' सेलमध्ये मुख्यतः झिंक क्लोराईडच असतं, नवसागर अगदी कमी. म्हणजे अमोनिया आला तर जस्त-कार्बन नक्की, पण आला नाही म्हणून अल्कलाईन नक्की असं नाही. होकार आणि नकार यांचं वजन सारखं नसतं, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अशा कणांवर लवकर कळतं.

जस्त नाहीतर पोटॅशियम, दोन्हींच्या क्षारांना पाणी आवडतं, पण सारखं नाही. पोटॅशियम कार्बोनेट हवेची सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच ओलं होतं. नवसागराला ७७-७८ टक्के लागतात. झिंक क्लोराईड तर १० टक्क्यांच्या आतच पाणी ओढायला लागतं. जपानचा पावसाळी जून असो की आपल्याकडचा जुलै, हवा ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि तेव्हा हे तिन्ही क्षार द्रवरूप होतात. एप्रिलमध्ये कोरडा, निरुपद्रवी दिसणारा खण पावसाळ्यात चालू बॅटरीसारखाच वागतो: दोन धातू, मध्ये इलेक्ट्रोलाईट. खेळण्यात सेल नसतानाही विद्युत-रासायनिक प्रक्रिया सुरू असते.

काकांचा बारटेंडर

हे सगळं मी एका खऱ्या वस्तूवर केलं. आमच्या गाईडच्या ओळखीचे एक निवृत्त काका आहेत. त्यांचे थोरले भाऊ साठच्या दशकात अमेरिकेत शिकायला गेले होते, ते परतताना 'चार्ली वीव्हर बारटेंडर' घेऊन आले. नोमुराने १९६२ च्या सुमाराला अमेरिकन बाजारासाठी बनवलेलं हे खेळणं. चार्ली वीव्हर हे क्लिफ अर्केट या विनोदी नटाचं टीव्हीवरचं पात्र. पत्र्याच्या बारमागे हा म्हातारा उभा असतो, शेकर हलवतो, ग्लासात ओततो, पितो, मग त्याचा चेहरा आतल्या दिव्याने लाल होतो आणि कानांतून धूर निघतो. सभ्य मराठी घरात हे दिवाणखान्यात कसं ठेवलं होतं हा वेगळाच विषय. थोरले भाऊ आता नाहीत. काकांच्या दोन मागण्या होत्या: चालू करून दे, आणि नव्यासारखं चकचकीत करून दे.

माझ्या लक्षात आलं की या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नसल्या तरी एका जातीच्याही नाहीत. चालणं तपासता येतं. 'नव्यासारखं' कसं तपासणार? नवं असताना ते कसं होतं याची नोंद आपल्याकडे नाही.

आधी फोटो. शेजारी पट्टी, रंगांचं कार्ड, आठही बाजूंनी, खणाच्या आतून टॉर्च लावून. मग कोणत्या भागात काय आहे याची यादी, कारण किल्लीचं खेळणं बहुतेक पत्रा असतं. बॅटरीचं म्हणजे भेळ. पत्रा, मऊ व्हिनाईलचं डोकं, कापडाचे कपडे, रबर, वायरचं जुनं आवरण, पितळी पट्ट्या, सोल्डर. पाण्यात बुडवणं बादच. जुन्या शाईत आणि रंगात शिसं असू शकतं, पिवळ्यासाठी त्या काळी लेड क्रोमेट सर्रास वापरलं जायचं. म्हणून हातमोजे आणि कोरडं घासणं बंद. लहान मुलांच्या हातात तर हे खेळणं देऊच नये, खेळणं असलं तरी.

खणातल्या कणाचं पीएच साडेपाच निघालं, अमोनिया आला, ज्वालेत पोटॅशियम नाही. जस्त-कार्बन. म्हणजे व्हिनेगर नाही. क्लोराईड धुऊन काढायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओला केलेला, पिळलेला कापसाचा बोळा, पंधरा-वीस सेकंद, लगेच कोरडा बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्लोअरची गार हवा. अल्कोहोल फक्त खणात, छपाईवर अजिबात नाही. काही वार्निशं त्याने मऊ पडतात.

पण किती वेळा? 'स्वच्छ दिसेपर्यंत' हे उत्तर चालणार नाही, क्लोराईड दिसत नाही. म्हणून प्रत्येक बोळा वेगळ्या टेस्ट ट्यूबमध्ये, ठरावीक पाच मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळला. त्यात आधी नायट्रिक ॲसिड, कारण कार्बोनेटही सिल्व्हर नायट्रेटबरोबर अवक्षेप देतं. मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पहिली ट्यूब दुधासारखी. तिसरी ताकासारखी. सातवी आणि शेजारची कोरी ट्यूब यांत फरक कळेना. कोरी म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तसाच बोळा, तेच थेंब, खेळण्याला स्पर्श नाही. ही कोरी ट्यूब नसती तर कापसातलं किंवा माझ्या हातावरच्या घामातलं क्लोराईड मी खेळण्याच्या नावावर टाकलं असतं. आठव्या वेळीही फरक नाही, थांबले. थांबायचं कधी हे सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवलेलं होतं, ते बरं पडतं. काम रंगात आलं की 'अजून एकदा' सुचतच राहतं.

खणात जिथे उघडं पोलाद लाल झालं होतं तिथे टॅनिक ॲसिडचा विचार केला. हिरडा आणि हिराकसापासून पूर्वी काळी शाई करायचे, तीच रसायनं: टॅनिन आणि लोखंड मिळून काळा, टिकाऊ थर. गंज त्यात अडकतो. पण तो थर परत काढता येत नाही आणि शेजारच्या छपाईवर ओघळला तर काळा डाग कायमचा. क्लोराईड निघालेलं आहे, जागा कोरडी ठेवता येणार आहे, मग काहीच न करणं हाही पर्याय असतो. तोच घेतला.

बाहेरच्या छपाईसाठी सौम्य, उदासीन डिटर्जंटचे लिटरमागे चार-पाच थेंब, कानात घालायच्या काडीएवढा बोळा, आणि सुरुवात तळाच्या अशा कोपऱ्यात जिथे कुणी बघणार नाही. प्रत्येक रंग वेगळा तपासला. लाल टिकला म्हणून निळाही टिकेल असं नसतं. इथे बोळा हेच तुमचं उपकरण आहे. त्यावर करडा-तपकिरी आला तर मळ. लाल, निळा, पिवळा आला तर शाई, हात तिथेच थांबवायचा. मी सगळे बोळे क्रमांक घालून पाकिटात ठेवले. काकांना ते वेड वाटलं. पण बारच्या डाव्या बाजूच्या हिरव्या रंगावर चौथ्या बोळ्यावर हिरवट छटा होती आणि त्यामुळे ती बाजू मी तशीच सोडली, हे दाखवायला तो बोळाच आहे.

"अगं, एवढी पीएच.डी. करतेस आणि पत्रा चमकवता येत नाही?" काका म्हणाले.

"चमकेल काका, पण मग म्हातारा जाईल आणि पत्रा राहील."

ते हसले, पण नाराज होते. त्यांचंही बरोबर होतं. खेळणं त्यांचं, भाऊ त्यांचा. आमचा खरा वाद झाला तो तळावरच्या एका गोष्टीवरून. तिथे खिळ्याने ओरबाडून दोन अक्षरं कोरलेली होती आणि त्यात गंज बसला होता. मला ते 'नुकसान' वाटत होतं, कारण कथलाचा थर तिथेच फाटलेला. काका म्हणाले, ते मी लहानपणी कोरलंय. म्हणजे जो ओरखडा माझ्या शास्त्रात दोष, तोच त्यांच्या घरात दस्तऐवज. मळ म्हणजे काय, हे रसायनशास्त्र ठरवत नाही. ते इतकंच सांगतं की काय कशाने निघेल. दुकानाचं किमतीचं चिकटपत्र, जुन्या दुरुस्तीचं सोल्डर, तळावरचं कंपनीचं चिन्ह, छापलेलं सेलचं माप, यातलं काय काढायचं हे आधी कुणाला तरी विचारायला लागतं. ती दोन अक्षरं आम्ही ठेवली. कडेने गंज वाढू नये म्हणून त्यावर मायक्रोक्रिस्टलाईन मेणाचा पातळ हात दिला, जो पुढे कुणाला काढायचा असेल तर काढता येतो.

चालू करण्याबद्दल थोडक्यात. जुन्या खेळण्यात थेट सेल घालू नका. वंगण घट्ट झालेलं असतं, मोटर अडली की करंट चढतो आणि वायंडिंग जळतं. लॅबच्या पॉवर सप्लायवर करंटची मर्यादा ३०० मिलिअँपिअर ठेवून एक व्होल्टपासून सुरुवात केली. त्याआधी मल्टिमीटरने जोडण्या मोजल्या. हिशेब साधा आहे: दोन सेलचे तीन व्होल्ट, मोटर समजा ०.३ अँपिअर घेते. गंजलेल्या जोडणीचा रोध ५ ओहम असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च. अर्ध्या 'मेलेल्या' मोटरी अशाच असतात, मोटर ठणठणीत आणि स्प्रिंग गंजलेली. पितळी पट्ट्या काचतंतूंच्या पेनने साफ केल्यावर बारटेंडर शेकर हलवायला लागला, चेहराही लाल झाला. धुराचं मात्र मी चालवून बघितलं नाही. त्यात तापणारी तार आणि तेल असतं, आवरणं साठ वर्षांची, आणि शेजारी कापडाचे कपडे.

ज्यांना संग्रहच करायचाय त्यांच्यासाठी एक गोष्ट, संशोधनाशी थेट जोडलेली. बाजारात पेटीसकट, निष्कलंक अवस्थेत जी खेळणी मिळतात ती बहुतेक अशी असतात ज्यांच्याशी फारसं कुणी खेळलंच नाही, किंवा जी विकलीच गेली नाहीत. मुलांची सर्वांत लाडकी होती ती मोडली, फेकली गेली. ज्यांच्यात सेल विसरले गेले ती आतून सडली. त्यामुळे आज संग्रहांत काय जास्त दिसतं यावरून तेव्हा काय जास्त खपलं असेल याचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. फक्त वाचलेल्यांची मोजदाद होते. तुमच्या सर्वेक्षणात, रुग्णांच्या जुन्या नोंदींत, हर्बेरियमच्या पानांत हाच घोळ असतो. खरेदी करताना आधी सेलच्या खणाचं झाकण उघडून बघा. ते झाकण मूळचं आहे का, दोन खेळण्यांचे भाग जोडून एक केलेलं नाही ना, मुरडलेल्या जिभा पुन्हा उघडल्याच्या खुणा आहेत का. दर्शनी बाजू विकणाऱ्याने पुसलेलीच असते.

ठेवण्याबद्दल राहिलं. सेल बाहेर, कायमचे. व्हिनाईलचं डोकं प्लास्टिकच्या पिशवीला किंवा रंगवलेल्या पत्र्याला टेकू द्यायचं नाही. मऊ व्हिनाईलमधलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतं, चिकटतं आणि शेजारची शाई मऊ करतं. मध्ये आम्लरहित कागद. बंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतेचं कार्ड, आकडा चाळीसच्या खाली ठेवायचा. काकांकडे आता तो डबा कपाटात वरच्या फळीवर आहे. पावसाळ्यात कार्डावरचा ४० चा ठिपका निळ्याचा गुलाबी झाला की ते मला फोन करतात, मी जाऊन सिलिका जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत भरते.